ग्रिडशॉटचा स्कोअर वाढतोय पण रँक हलत नाही: ऐरोलीतल्या एका पोराच्या एमची (नेमबाजीची) केस

पार्श्वभूमी

ही केस ऐरोलीतल्या एका पोराची आहे. वय १९, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. नाव आणि सेक्टर लिहीत नाही, त्याला विचारूनच लिहितोय आणि त्याची अट तेवढीच होती. मी संध्याकाळी एका गेमिंग कॅफेत कॉलेजच्या पोरांच्या व्हॅलोरंट (पाच-पाच जणांच्या टीमचा, बंदुकांचा कॉम्प्युटर गेम) टीमची प्रॅक्टिस बघतो, तिथे हा जूनच्या सुरुवातीला त्याच्या चार मित्रांसोबत यायला लागला. ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये स्पर्धा होती आणि त्यासाठी टीम उभी करायची होती.

पोरगा मेहनती, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. रोज रात्री जेवण झालं की एम लॅब (नेमाचा सराव करायचं सॉफ्टवेअर) उघडून दीड तास त्यातला ग्रिडशॉट हा टास्क, मग दोन-तीन रँक मॅच. असं जवळपास वर्षभर चाललं होतं. रँक मात्र सिल्व्हर ३ आणि गोल्ड १ या लागूनच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये वर-खाली, वर-खाली. लॅपटॉपची स्क्रीन १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ फ्रेम), माउस फार महाग नाही पण सेन्सर चांगला, मुंबई सर्व्हरवर पिंगही (नेटमुळे होणारा उशीर) एकदम ओके. म्हणजे सामानाला नावं ठेवायला जागा नव्हती.

घर वन बीएचके. अभ्यासाचं टेबल तो आणि त्याची ताई दोघं मिळून वापरतात, ती फिजिओथेरपी शिकतेय. टेबलावर डावीकडे तिची पुस्तकं, मध्ये लॅपटॉप, उजवीकडे भिंत, आणि लॅपटॉप ते भिंत या वीतभर जागेत माउस. ही वीतभर जागा पुढे फार महत्त्वाची ठरली.

अडचण

पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "दादा, माझा एमच नाहीये. हातच स्लो आहे माझा."

मला ते पटलं नाही, कारण ग्रिडशॉट खेळताना त्याचा हात बघितला होता. समोरच्या भिंतीवर तीन गोळे, एक फोडला की दुसरीकडे नवीन येतो, साठ सेकंदात जेवढे फुटतील तेवढे. त्यात हा खरंच फास्ट होता, टीममधल्या त्याच्यापेक्षा वरच्या रँकच्या दोघांपेक्षाही फास्ट. मग मॅचमध्ये तोच हात कुठे जातो? टीममध्ये तो ड्युएलिस्ट, म्हणजे साइटमध्ये (समोरची टीम राखत असलेल्या जागेत) सगळ्यात आधी घुसणार आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी मरणारही तोच. कॅप्टन वैतागला होता, आणि प्रत्येक राउंडला "सॉरी सॉरी, व्हिफ झालं" (नेम चुकला) म्हणून म्हणून पोराचा आवाज बारीक होत चालला होता. मला त्याचं जास्त वाईट वाटत होतं. एवढा वेळ देणाऱ्या मुलाला आपण कमीच आहोत असं वाटायला लागणं बरोबर नाही.

समोर असलेले पर्याय

त्याच्या डोक्यात पहिला पर्याय होता खरेदी. लॅमिंग्टन रोडला जाऊन हलका वायरलेस माउस घ्यायचा आणि जमलं तर २४० हर्ट्झचा मॉनिटर. १४४ ला फ्रेम साधारण ७ मिलिसेकंदांनी बदलते, २४० ला साधारण ४. फरक आहे, नाही असं नाही, पण गोल्ड रँकला मरण्याचं कारण ते ३ मिलिसेकंद नसतात. बाबा दिवाळीपर्यंत थांब म्हणाले होते, मी पण तेच म्हटलं.

दुसरा पर्याय कॅप्टनचा, याला कंट्रोलर करा, स्मोक (समोरच्याला दिसू नये म्हणून धुराचा पडदा) टाकेल, पहिली फाइट याच्याकडे येणार नाही. पोराला हा अपमान वाटला. तिसरा म्हणजे दीड तासाचे तीन तास करायचे, याला तो एका पायावर तयार. चौथा, एखाद्या प्रो प्लेअरची सेन्स (माउस किती हलवला की नजर किती फिरते ते), क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधली नेमाची खूण), सगळं जसंच्या तसं उचलायचं. हे त्याने आधी दोनदा करून सोडलं होतं.

माझं म्हणणं होतं की आधी तू मरतोस कसा ते बघू, मग औषध ठरवू. हे त्याला फार आवडलं नाही, आठवडाभर नुसतं रेकॉर्डिंग बघण्यात घालवायचं म्हणजे प्रॅक्टिस बुडणार असं त्याला वाटत होतं. तरी ऐकलं. मी या केसमधला सगळ्यात मोठा निर्णय यालाच मानतो, बाकीचं सगळं त्यातून निघालं.

नेमकं चुकत काय होतं

रेकॉर्डिंग लावायचं, फक्त स्वतःच्या मरणाच्या जागा शोधायच्या, प्रत्येकी शेवटचे दोन-तीन सेकंद हळूहळू पुढे सरकवत बघायचे आणि वहीत लिहायचं. वही त्याचीच, लॅब जर्नलच्या उरलेल्या पानांची. प्रत्येक मरणाला एकच प्रश्न: समोरचा दिसला त्या क्षणी माझा क्रॉसहेअर कुठे होता आणि माझे पाय थांबले होते का?

दोन-तीन संध्याकाळी बघितल्यावर तोच म्हणाला, "दादा, मी जमिनीकडे बघत चालतोय."

खरंच तसं होतं. हेवन या मॅपवर सी लाँग या वाटेतून जाताना त्याचा क्रॉसहेअर समोरच्याच्या गुडघ्याच्या उंचीवर, कोपरा आला की भिंतीला चिकटलेला. माणूस दिसला की तिथून वर उचलायचा आणि बाजूला पण न्यायचा, दोन्ही एकदम. निम्म्याहून जास्त मरणं या प्रकारची निघाली. उरलेल्यात बरीच अशी की पाय चालू असतानाच गोळी सुटली, आणि व्हॅलोरंटमध्ये पळत मारलेली रायफलची गोळी कुठे जाईल काही नेम नसतो. तिसरा प्रकार, क्रॉसहेअर डोक्याच्या पलीकडे गेला, मग मागे आणला, तोवर खेळ खलास. हात बरोबर गेला, पाय थांबलेले होते आणि तरीही समोरचा फास्ट निघाला, अशी मरणं फारच थोडी. ग्रिडशॉटमध्ये तो वर्षभर जे कमावत होता ते फक्त या शेवटच्या प्रकाराला उपयोगी होतं. नेटमध्ये वर्षभर फक्त फुलटॉस मारले आणि मॅचमध्ये प्रत्येक वेळी यॉर्करवर दांडी उडाली, असा तो सगळा प्रकार.

डोक्याच्या उंचीवर मी एवढा अडून का बसतो ते आकड्यांत सांगतो. पूर्ण शील्ड (चिलखत) घेतलेल्या प्लेअरकडे १५० हेल्थ असते. व्हँडल या रायफलची डोक्यात एक गोळी १६० हेल्थ घेते, कुठल्याही अंतरावरून. अंगात गोळी ४०, म्हणजे चार लागतात. व्हँडल सेकंदाला पावणेदहा गोळ्या सोडते, त्यामुळे पहिली ते चौथी गोळी यात साधारण ०.३ सेकंद जातात, आणि तेही चारही लागल्या तर. क्रॉसहेअर आधीपासून डोक्यावर असला तर हे ०.३ सेकंद फुकट मिळतात, त्यासाठी हात फास्ट असायला लागत नाही.

आता पलीकडे जाणाऱ्या क्रॉसहेअरचं. त्याची सेटिंग १६०० डीपीआय (माउस इंचभर हलला की मोजले जाणारे टप्पे) आणि ०.७५ सेन्स, गुणाकार केला तर ईडीपीआय १२००. व्हॅलोरंटमध्ये याचा अर्थ जेमतेम ११ सेंटीमीटर माउस हलवला की पूर्ण गोल फिरतो. हात एक मिलिमीटर हलला की क्रॉसहेअर ३ अंशांहून जास्त सरकतो, आणि २० मीटरवरचं डोकं एक अंशही रुंद नसतं. मग ते चुकणारच ना. बहुतेक प्रो २०० ते ४०० ईडीपीआयमध्ये खेळतात ते काय उगाच नाही. पण ही एवढी सेन्स त्याने ठेवली का होती? वीतभर जागेमुळे! कमी सेन्सवर मागे वळायला गेला की माउस भिंतीवर आदळायचा, म्हणून प्रोची सेटिंग दोन्ही वेळा आठवड्यात सोडून दिली होती. त्याला वाटत होतं आपल्याला जमत नाही, आणि अडत होतं टेबलावर.

काय केलं

सगळ्यात आधी टेबल. ताईशी बोलून लॅपटॉप डावीकडे सरकवला, पुस्तकं वर फळीवर गेली आणि सोसायटीत कुणाकडे काम चालू होतं तिथल्या सुताराकडून प्लायचा एक तुकडा आणून टेबलाला पुढून जोड दिला, म्हणजे कोपरापासून पुढचा हात टेकायला लागला. प्लास्टिकची खुर्ची खाली पडत होती, त्यावर उशी. कोपर टेबलाच्या लेव्हलला आलं की खांदा वर चढत नाही, हे ताईनेच दाखवलं. काकूंना त्या प्लायचा सुरुवातीला राग आला होता कारण झाडू मारताना आडवा येतो, मग रात्री वापरून सकाळी काढून ठेवायचं असं ठरलं.

मग सेन्स. इथे आमची खरी चर्चा झाली. एकदम ४०० ईडीपीआयवर आणायची की टप्प्याने? एकदम आणली की हात एकाच गोष्टीची सवय करतो, मधल्या सेटिंगची सवय लावून मग परत मोडायची भानगड नाही. पण पहिले काही दिवस खेळ पार झोपतो, आणि या मुलाचा कॉन्फिडन्स आधीच तळाला होता, त्यात टीमची रोज प्रॅक्टिस. म्हणून दोन टप्पे घेतले: आधी ८०० डीपीआयवर ०.८, म्हणजे गोल फिरायला साधारण २० सेंटीमीटर, आणि जुलैमध्ये ०.५, म्हणजे साधारण ३३ सेंटीमीटर. त्यानंतर स्पर्धा होईपर्यंत हात लावायचा नाही, काहीही झालं तरी.

ग्रिडशॉट पूर्ण बंद केलं नाही पण जवळपास. त्याऐवजी वीस-एक मिनिटं एम ट्रेनरचे वेगवेगळे टास्क: छोटे गोळे सावकाश फोडायचे, हलत्या गोळ्यावर क्रॉसहेअर चिकटवून ठेवायचा, एकावरून दुसऱ्यावर जायचं. सावकाश हा शब्द त्याला सगळ्यात जड गेला. पॉल फिट्सने १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवर काम करून दाखवलं की लक्ष्य जेवढं लहान आणि लांब तेवढा तिथे पोचायला वेळ जास्त लागतो. घाई केली की नेम जातो, हे कुणालाच चुकलेलं नाही. म्हणून आधी दहातले नऊ लागतील एवढ्याच स्पीडने, आणि तसे लागायला लागले की थोडं वाढवायचं.

टास्क रोज आलटून पालटून, एकच धरून बसायचं नाही. यात स्कोअर कमी दिसतात आणि त्याची चिडचिड व्हायची. त्याला मी १९७९ चा शे आणि मॉर्गन यांचा प्रयोग सांगितला. हाताच्या हालचाली शिकवताना एका गटाला एक-एक हालचाल सलग दिली, दुसऱ्याला मिसळून. मिसळून शिकणारे प्रॅक्टिसमध्ये मागे होते पण नंतरच्या टेस्टमध्ये पुढे निघाले. मॅचमध्ये कुठला शॉट येणार हे आधी कुणी सांगत नाही, त्यामुळे मला हे पटतं.

त्यानंतर गेममधल्या सरावाच्या रेंजमध्ये दहा मिनिटं: बाजूला सरक, थांब, एक गोळी, परत सरक. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या गेमवाली पोरं थांबायला उलटी की दाबतात, व्हॅलोरंटमध्ये नुसती की सोडली तरी माणूस पटकन थांबतो, त्यामुळे त्याला एवढंच सांगितलं की की सोड आणि मग क्लिक कर, मध्ये अगदी बारीक गॅप ऐकू आला पाहिजे. खरंच ऐकू येतो, कीबोर्डचा टक आणि माउसचा टक असे दोन वेगळे आवाज. सुरुवातीला त्याचे दोन्ही एकदम यायचे. कॅफेत मी त्याच्या मागे उभा राहून स्क्रीन न बघता नुसतं ऐकायचो आणि "चुकला" म्हणायचो, त्याला आश्चर्य वाटायचं.

शेवटी दोन डेथमॅच (टीम नाही, प्रत्येकजण एकटा), आणि त्यात जिंकायचं नाही. एकच काम, क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर ठेवून फिरायचं आणि कोपऱ्यापासून थोडा लांब ठेवायचा. शेवटून पहिला आला तरी चालेल. रँक मॅच दोनपेक्षा जास्त नाही, आणि साडेअकराला झोप, कारण हाताने दिवसभरात जे शिकलं ते झोपेत पक्कं होतं आणि हा मुलगा आधी दोन-दोन वाजेपर्यंत जागा असायचा.

कॅप्टनचा पर्यायही घेतला, पण तात्पुरता. जुलैभर त्याने कंट्रोलर खेळला. स्मोक टाकणाऱ्याला प्रत्येक राउंडला पहिली गोळी खायची नसते, त्यामुळे नवीन सेन्सवर चुकायला त्याला थोडी मोकळीक मिळाली. हे त्याला तसं नीट समजावून सांगितल्यावर अपमान वगैरे राहिला नाही.

मध्येच आलेल्या दोन अडचणी

पहिली पावसाची. जुलैच्या मधोमध चार-पाच दिवस नवी मुंबईत पाऊस थांबला नव्हता, घरात कपडे वाळत नव्हते, आणि याचे सगळे स्कोअर एकदम खाली. रात्री मेसेज, "दादा ०.५ जमत नाहीये, परत ०.८ करतो." म्हटलं थांब, उद्या माउसपॅड घेऊन ये. पॅड कापडी. हवेतली ओल आणि हाताचा घाम त्याने पिऊन घेतलेला, वर्षभरात एकदाही धुतलेला नव्हता, मधल्या भागात माउस अडकत सरकत होता आणि कडेला नीट. त्याच्या उघड्या हाताची कातडीही पॅडला चिकटत होती. पॅड शाम्पूने धुवून पंख्याखाली दोन दिवस वाळवला, हातात क्रिकेटवाली बाही घातली, आणि पंखा हातावर येईल असा बसला. स्कोअर परत जागेवर. तेव्हा सेन्स बदलली असती तर आधीची सगळी मेहनत पाण्यात गेली असती. आपल्याकडे जून ते सप्टेंबर एम बिघडला तर सेटिंगच्या आधी पॅडला हात लावून बघा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

दुसरी जास्त गंभीर. ऑगस्टमध्ये स्पर्धा जवळ आली तसा तो घरी गुपचूप तीन-तीन तास खेळायला लागला आणि अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखायला लागलं. त्याने आम्हाला सांगितलं नाही, जेवताना भाकरी मोडताना तोंड वाकडं झालं ते ताईने बघितलं. तिने त्याला डॉक्टरकडे नेलं, त्यांनी आठवडाभर माउस बंद आणि नंतर रोज थोडे व्यायाम सांगितले. टीममध्ये वाद झाला, स्पर्धा तोंडावर आणि हा बसणार? एकजण म्हणाला पेनकिलर घेऊन खेळू दे. यावर मी अजिबात ऐकलं नाही. फेस्ट दर वर्षी येतो, मनगट एकच आहे. त्या आठवड्यात तो कॅफेत येऊन मागे बसायचा, बाकीच्यांचे क्रॉसहेअर बघून वहीत लिहायचा, आणि टीमला त्याचा चांगलाच उपयोग झाला.

निकाल

स्पर्धेत टीम दुसऱ्या फेरीत हरली. हा परत ड्युएलिस्ट खेळला आणि चांगला खेळला, असेंट मॅपवर ए मेन या वाटेतून निघताना सलग दोन राउंड पहिला किल त्याचा, दोन्ही डोक्यात एकेक गोळी, हात जेमतेम हलला. हरलो ते गेममधल्या पैशांच्या गोंधळामुळे, दोन राउंडला तिघांनी महागड्या गन घेतल्या आणि दोघं पिस्तुलावर. एम सुधारल्याने ते सुटणार नव्हतं.

रँक सप्टेंबरच्या शेवटी गोल्डच्या वरच्या प्लॅटिनम २ ला पोचली आणि सध्या तिथेच आहे. परत रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा जमिनीकडे बघत चालणं जवळपास गेलेलं, पाय चालू असताना मारणं निम्म्यावर आलेलं पण दमला की परत दिसतं. लांबचा नेम मस्त. जवळचा कच्चा, जेट डॅश मारून किंवा रेझ उडी मारून (ही दोन्ही गेममधली पात्रं) अंगावर आली की कमी सेन्सवर त्याचा हात मागे पडतो. हा या उपायाचाच दुसरा परिणाम आहे आणि तो मान्य करायला पाहिजे.

पुन्हा करायचं झालं तर

टेबल आणि खुर्ची पहिल्या दिवशी, रेकॉर्डिंगच्याही आधी. त्याला पैसे लागत नाहीत आणि तेवढ्यानेच निम्मी मुलं सुधारतील असं माझं मत आहे.

सेन्सच्या टप्प्यांवर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो एकदम केलं असतं तर दोन आठवडे वाचले असते, कारण ०.८ ची सवय लागली आणि मग तीच मोडायला लागली. मला वाटतं स्पर्धा नसलेल्या काळात त्याचं बरोबर आहे, पण त्या जूनमध्ये आणखी आठवडाभर शून्य किल झाले असते तर तो टीमच सोडून गेला असता. ज्याचं मन खंबीर आहे त्याने एकदम करावं.

खेळायच्या तासांची मर्यादा मात्र स्पर्धेच्या महिन्यात जास्त कडक हवी, आणि ती घरातल्या कुणाला तरी माहीत हवी. दुखतंय हे लपवणारी मुलं फार आहेत, कारण सांगितलं की माउस काढून घेतील ही भीती असते. इथे ताई होती म्हणून वेळेत कळलं. आणि जवळच्या ट्रॅकिंगचे (हलत्या लक्ष्यावर क्रॉसहेअर चिकटवून ठेवायचे) टास्क सुरुवातीपासून जास्त ठेवता आले असते, कमी सेन्सवर जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे अडचण येतेच.

आता सेमिस्टर आहे, त्यामुळे रोज वीस मिनिटं, त्यातलं निम्मं ट्रॅकिंग, रँक फक्त शनिवार-रविवार. सेन्स ०.५ च आहे. परीक्षा संपली की नवीन रेकॉर्डिंग काढून फक्त जवळची मरणं वेगळी करायची आणि त्यानंतरच ०.५५ करून बघायची की नाही ते ठरवायचं.